दोन दिवे, एक मुकं चाक

तुळजापूरचा घाट उतरून तामलवाडी मागे टाकली आणि मीटरवर दोन पिवळे दिवे एकदमच लागले. एक गोलात 'एबीएस' (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) लिहिलेला, दुसरा घसरणाऱ्या गाडीच्या चित्राचा, मागे नागमोडी रेषा असलेला. गाडी मात्र सरळ चालली होती, ब्रेकही रोजच्यासारखा लागत होता. बायको म्हणाली, "आत्ताच देवीला जाऊन आलो ना आपण?" सोलापूर येईपर्यंत मी काही बोललो नाही, कारण त्या दिव्यांचं मला काहीच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात स्कॅनर लावला आणि निकाल मिळाला: "एबीएसचं युनिट गेलंय. अख्खं बदलावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी घेऊन घरी आलो. तिसऱ्या दिवशी अक्कलकोट रोडला एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. आधी विचारलं, "लाल दिवा लागला होता काय, साहेब?"

"नाही. पिवळेच."

"मग काय नाय ओ. चहा घ्या."

या एका प्रश्नातच अर्धं निदान आहे. लाल दिवा मूळ ब्रेकबद्दल बोलतो, म्हणजे पाय दाबला की तेलाच्या दाबाने चाक थांबवणारी जी यंत्रणा आहे तिच्याबद्दल. पिवळा दिवा त्या यंत्रणेवर लक्ष ठेवणाऱ्या कॉम्प्युटरबद्दल बोलतो. पिवळा लागला तरी ब्रेक शाबूत असतात, फक्त देखरेख करणारा रजेवर गेलेला असतो.

आधी लालची गोष्ट उरकू. हँडब्रेक ओढलेला राहिला की तो लागतो, हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरं कारण ब्रेक ऑइलच्या डबीत असतं. त्या पांढरट डबीत एक तरंगता तुकडा असतो आणि त्यात लहानसं चुंबक. पातळी खाली गेली की ते चुंबक एका बारीक स्विचजवळ येतं, स्विच जुळतो, दिवा लागतो. आता हे तेल कमी होतं कुठे? गळती नसेल तर बहुतेक वेळा ते कुठेही गेलेलं नसतं. ब्रेक पॅड झिजले की कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीचा, दट्ट्या तेवढाच पुढे सरकतो, त्याच्यामागची पोकळी वाढते आणि डबीतलं तेल तिथे जाऊन बसतं. म्हणजे हा दिवा तेलाचा असला तरी बातमी पॅडची असते. घाट उतरताना किंवा वळणावर तो क्षणभर लागून विझत असेल, तर पातळी अगदी काठावर आली आहे आणि तेल हिंदकळतंय असं समजावं.

इथे आपल्याकडची एक सवय महागात पडते. लाल दिवा लागला की कुणीतरी डबीत तेल ओतून देतो. दिवा विझतो, पण पॅड तेवढेच झिजलेले राहतात. पुढे नवे पॅड टाकताना दट्ट्या मागे दाबावा लागतो, तेव्हा ते जास्तीचं तेल डबीतून उतू जातं आणि खालचा रंग सोलून काढतं. नेहमीचं ब्रेक ऑइल रंगाला वैरी आहे. ते हवेतलं पाणीही शोषतं. ताजं डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत) तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर आणलेली आहे. लांब घाटात ब्रेक तापून तेल उकळलं तर त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय दाबूनही गाडी थांबत नाही. याची सूचना देणारा दिवा माझ्या गाडीत नाही. तेल दोनेक वर्षांनी बदलायचं ते यासाठी.

आता पिवळे दिवे. मिस्त्रींनी जॅक लावला, पुढचं डावं चाक काढलं आणि डिस्कच्या मागे बोट दाखवलं. तिथे दातेरी चक्रासारखी एक कडी होती आणि तिच्या दातांना जवळजवळ चिकटून, एखाद्या मिलिमीटरची फट ठेवून, काळ्या प्लॅस्टिकचं एक बोंडुक. हाच चाकाचा सेन्सर. आत एक चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं, बस. लोखंडी दात समोर आला की चुंबकाचं क्षेत्र बदलतं, खाच आली की पुन्हा बदलतं. बदलणारं चुंबकीय क्षेत्र तारेत वीज निर्माण करतं, हे मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं होतं. डायनॅमो ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर हे बोंडुक चाकाचा वेग सांगतं.

हिशोब करून पाहा. चाकाचा परिघ १.८ मीटर आणि कडीला ४८ दात धरले, तर ताशी ३६ किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे २६७ ठोके पडतात. चारही चाकांतून असे ठोके कॉम्प्युटरकडे जात असतात आणि तो अखंड एकच काम करतो: चौघांची तुलना. ब्रेक मारल्यावर एकाच चाकाचे ठोके अचानक मंदावले, तर ते चाक अडकून घसरायला लागलंय. अडकलेलं चाक वळत नाही, स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाते. मग एबीएस त्या चाकाचा दाब सोडतं, पुन्हा धरतं, पुन्हा सोडतं, सेकंदात अनेकदा. तेव्हा पायाखाली पेडल थरथरतं आणि घाबरून लोक पाय उचलतात, नेमकं जे करू नये ते. उलट रेस दिल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जोरात फिरायला लागलं, तर ते जागच्या जागी फिरतंय. त्याला ब्रेक लावणं आणि इंजिनाचा जोर कमी करणं हे ट्रॅक्शन कंट्रोलचं, म्हणजे घसरणाऱ्या गाडीच्या दिव्याचं, काम.

म्हणजे दोन्ही यंत्रणांचे कान तेच चार सेन्सर आहेत. एक सेन्सर मुका झाला की दोघींनाही काम सोडावं लागतं. दोन दिवे म्हणजे दोन बिघाड, असं मी धरून चाललो होतो. ते चूक होतं.

आणि काम सोडावं तरी का लागतं? समजा गाडी ताशी ६० ने चालली आहे आणि डाव्या चाकाकडून शून्य येतंय. कॉम्प्युटरने हे खरं मानलं तर त्याला वाटेल चाक अडकलंय, आणि तो ऐन वेळी चांगल्या चाकाचा ब्रेक सोडून देईल. खोट्या साक्षीवर निकाल देण्यापेक्षा तो बाजूला होतो आणि दिवा लावून तसं कळवतो. माझ्या मते अख्ख्या गाडीतला हा सगळ्यात प्रामाणिक निर्णय आहे.

स्कॅनरही साक्षच देतो, निकाल नाही. माझ्या गाडीतला कोड म्हणत होता: डाव्या पुढच्या चाकाचा सिग्नल नीट येत नाही. कोडमध्ये युनिटचा उल्लेख कुठेच नव्हता. सिग्नल सेन्सरपाशी तुटला, वायरीत तुटला, कडीपाशी बिघडला की युनिटच्या प्लगमध्ये गंज आहे, हे कोड सांगत नाही. ते माणसाने शोधायचं. (मोबाइलला जोडायचे स्वस्त स्कॅनर तर बहुतेक इंजिनाचेच, म्हणजे 'पी' ने सुरू होणारे कोड वाचतात. ब्रेकचे 'सी' ने सुरू होणारे त्यांना बऱ्याचदा दिसतच नाहीत, आणि मालकाला वाटतं गाडीत काही बिघाडच नाही.)

मिस्त्रींनी मल्टीमीटर काढला. आधी सेन्सरच्या दोन टोकांमधला रोध मोजला: १.१ किलोओहम. उजव्या चाकाचा मोजला, तोही तेवढाच. म्हणजे आतली तार शाबूत. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून उजवं चाक हाताने फिरवलं, सेकंदाला साधारण एक फेरा. आकडा ०.३ च्या आसपास नाचला. डाव्या चाकाला तसाच फेरा दिला, तर ०.०५ च्या वर जाईना.

तार तीच, फेरा तोच, तरी वीज सहापट कमी. मग दोष विजेचा नाही, चुंबकाचा आहे. एका बोल्टवर बसलेला तो सेन्सर त्यांनी उपसून काढला. त्याच्या टोकावर काळी दाढी वाढली होती. ब्रेकची डिस्क ओतीव लोखंडाची असते, पॅड घासताना तिचा बारीक कीस उडतो आणि वर्षानुवर्षं चुंबकाला चिकटत राहतो. त्यावर आपल्याकडची काळी माती, पावसाळ्यातली, लिंपल्यासारखी. शिवाय बसायच्या जागी गंज फुगून सेन्सर किंचित वर उचलला गेला होता. फट थोडी वाढली की सिग्नल झपाट्याने कमी होतो. मिस्त्रींनी फडक्याने दाढी पुसली, जागा पॉलिश पेपरने घासली, सेन्सर बसवला आणि चाक पुन्हा फिरवलं. ०.२८.

माझी गाडी जुनी आहे, म्हणून हे असं उघड्यावर दिसलं. आताच्या गाड्यांत सहसा हॉल परिणामावर किंवा चुंबकाने बदलणाऱ्या रोधावर चालणारे सेन्सर असतात. वीज वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आलं की तिच्या आडव्या बाजूंमध्ये व्होल्टेज येतं, तो हॉल परिणाम; एडविन हॉलने तो १८७९ मध्ये शोधला. असा सेन्सर चाक अगदी रांगत असतानाही ठोके मोजतो. दातेरी कडीच्या जागी बऱ्याचदा बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकांची पट्टी दडवलेली असते. म्हणून बेअरिंग बदलल्यावर दिवा लागला तर आधी बेअरिंग उलटं बसलंय का ते पाहावं. दोन्ही बाजू दिसायला जवळपास सारख्या, पट्टी मात्र एकाच बाजूला. अशा सेन्सरचा रोध साध्या मीटरने मोजत बसू नये, त्यात इलेक्ट्रॉनिक्स असतं.

बाकीची कारणं झटकन सांगतो. उंदराने कुरतडलेली वायर. मरायला टेकलेली बॅटरी: व्होल्टेज पडलं की हेच दिवे लागतात आणि चार्ज झाल्यावर आपोआप जातात. ब्रेक पेडलचा स्विच: रात्री गाडी भिंतीला पाठ करून लावा, पेडल दाबा, भिंत लाल झाली नाही तर आधी बल्ब आणि हा स्विच तपासा. आणि अगदी हळू थांबताना, कोरड्या रस्त्यावर, पेडल उगाच थरथरत असेल तर दातेरी कडीला तडा गेलेला असू शकतो: तडा समोर आला की एक ठोका लांबतो आणि कॉम्प्युटरला चाक अडकल्याचा भास होतो. गंमत म्हणजे तेव्हा दिवा लागेलच असं नाही.

घसरणाऱ्या गाडीचं चित्र नुसतं लुकलुकत असेल तर तो बिघाड नव्हे, यंत्रणा काम करतेय. ऊस तोडणीच्या दिवसांत रस्त्यावर पाचट सांडलेलं असतं, तिथे ते दिसतं. पावसाळ्यात शेताच्या वाटेवर तर हमखास. काळ्या मातीतले चिकणकण पाणी थरांमध्ये शोषून फुगतात आणि वरचा थर साबणासारखा होतो. अशा चिखलात ट्रॅक्शन कंट्रोल कधीकधी आपल्याच मुळावर येतं. चाक थोडं फिरून चिखल फेकू शकलं असतं, तेवढ्यात हे इंजिनाचा जोर काढून घेतं आणि गाडी रुतते. त्यासाठीच बंद करायचं बटण दिलेलं असतं. ते दाबल्यावर 'ऑफ'चा दिवा लागतो. तो बिघाड समजून गॅरेज गाठणारे मी पाहिलेत. डांबरी रस्त्यावर आल्यावर मात्र ते पुन्हा चालू करा.

एकच जोडी गंभीर घ्यायची: हँडब्रेक सोडलेला असताना लाल आणि एबीएसचा पिवळा, दोन्ही एकत्र. ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात, म्हणून त्यांना ब्रेक कमी लावावा लागतो. पूर्वी हे वाटप एक साधा व्हॉल्व्ह करायचा. आता बहुतेक गाड्यांत ते एबीएसचं युनिटच करतं. तेही बंद पडलं तर जोराच्या ब्रेकला मागची चाकं आधी अडकतात आणि गाडी गिरकी घेते. किंवा तेलच गेलेलं असतं. दोन्हींत गाडी हळू बाजूला घेऊन उभी करायची आणि उचलून न्यायची.

हे सगळं फार जुनं नाही. बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या महागड्या गाडीत आली. भारतात एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला ती सक्तीची झाली. म्हणजे आता हे दिवे सगळ्यांच्याच वाट्याला येणार.

चाक बसवून चावी फिरवली तरी दोन्ही दिवे तसेच. माझा चेहरा पाहून मिस्त्री म्हणाले, "थांबलेल्या गाडीत कसं विझेल? चाक फिरू द्या की." ते स्वतः स्टिअरिंगवर बसले, मी शेजारी. गाडी रस्त्याला लागली, काटा वीसच्या पुढे गेला, बॉनेटखालून गुर्र असा छोटा आवाज आला, पंप स्वतःला तपासत होता, आणि दोन्ही दिवे एकदम विझले. मीटरवर एकच लाल दिवा उरला.

"हा कसला?" मी विचारलं.

मिस्त्रींनी हसून सीटबेल्ट ओढला.