नाक नका पाहू, हवेची तोंडं पाहा: मिग-२३ बीएन आणि मिग-२७

कारगिल विजय दिवस आला की आमच्या वर्धा जिल्ह्यात चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. नाव मिग-२७ चं, फोटो मिग-२३ बीएनचा! दोन्ही जमिनीवर मारा करणारी हवाई दलाची जुनी विमानं. भरतीची तयारी करणारे पोट्टे तेच वहीत उतरवतात. देशातला सर्वात मोठा दारूगोळा डेपो इथं पुलगावला, आणि विमानं ओळखण्यात हा घोळ. मला हे सहन होत नाही.

मूळ मिग-२३ म्हणजे सोव्हिएत फायटर: मागेपुढे होणारे पंख, एक इंजिन, टोकदार नाकात शत्रूचं विमान शोधणारं रडार. रडार काढलं, वैमानिकाला खालची जमीन दिसावी म्हणून नाक उतरतं केलं, की झालं बीएन. मिग-२७ चं नाकही तसंच उतरतं. म्हणून नाकावरून ओळखायला गेलात की फसलात.

खरा फरक आहे कॉकपिटच्या दोन्ही बाजूंना हवा आत घेणाऱ्या तोंडांत. ध्वनीच्या दुपटीहून जास्त वेगानं जाताना समोरची हवा तशीच इंजिनात घेता येत नाही. आधी तिचा वेग ध्वनीच्या खाली आणावा लागतो. त्यासाठी मिग-२३ च्या तोंडात हलणाऱ्या फळ्या आहेत. कॅनॉलचं गेट पाणी पाहून वरखाली करतात, तसं त्या वेगाप्रमाणे वाट लहानमोठी करतात. बीएनमध्ये ही यंत्रणा तशीच राहिली. पण जमिनीवर मारा करणारं विमान खालून उडतं, तिथं एवढा वेग लागतच नाही. मग हे नुसतं वजन आणि दुरुस्तीची कटकट. मिग-२७ मध्ये तोंडं साधी, न हलणारी केली. कमाल वेग घटला, पण माझ्या मते दोघांत खरं मारा करणारं विमान हेच. फोटोत तोंडाच्या पुढे आलेली मोठी सपाट फळी दिसली की बीएन. ती छोटी, साधी असली की मिग-२७.

तोफही वेगळी: बीएनला दोन नळ्यांची २३ मिमी, मिग-२७ ला सहा नळ्यांची ३० मिमी. चाकं आणि बॉम्ब टांगायच्या जागांवर डोकं शिणवू नका. आणि दोघांनाही ‘फायटर’ म्हणणं सोडा. रडार एकातही नाही.

१९९९ ला कारगिलमध्ये दोन्ही उडाली, त्यामुळे तिथल्या फोटोत तोंडं पाहिल्याशिवाय नाव लिहू नका. बीएन २००९ मध्ये निवृत्त झालं, तर नाशिकजवळ ओझरला एचएएलनं (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) बांधलेलं मिग-२७ जोधपूरहून २७ डिसेंबर २०१९ पर्यंत उडत होतं. म्हणून २०१५ च्या आपल्या हवाई दलाच्या उड्डाणाचा फोटो असेल, तर तिथं बीएन असूच शकत नाही.