माणसं आठ, जोर चौघांचा

गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासे धरायचं लांबलचक जाळं, ओढताना कधी बघितलंय का? होडी अर्धगोल फिरून जाळं टाकत येते आणि मग दोन टोकांच्या दोन दोरांना दोन रांगा लागतात, तासभर तरी ओढायचं. शाळेत असताना सुट्टीत मामाकडे गेलो की मीपण जायचो ओढायला. तेव्हा एक गोष्ट लक्षात आलेली, रांगेत मधे उभं राहिलं की हात आपोआप सैल पडतात. पाय वाळूत रोवलेले असतात, अंगाला घाम असतो, पण सगळा जोर लागलेला नसतो आणि ते कुणाला कळत नाही, आपल्याला स्वतःलासुद्धा नाही.

खूप वर्षांनी वाचलं की यावर चक्क दोर घेऊनच प्रयोग झालेत. माक्स रिंगेलमान नावाचा फ्रेंच कृषी अभियंता होता, त्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली, निष्कर्ष छापले 1913 साली. एकटा माणूस जेवढं ओढतो ते 100 टक्के धरलं तर दोघं असले की प्रत्येकाचे 93, तिघं असले की 85, आणि आठ जण झाले की जेमतेम 49. म्हणजे आठ माणसं लावायची आणि काम चौघांचं.

आता कुणी म्हणेल की सगळे एकाच वेळी हिसका देत नाहीत म्हणून ताकद वाया जाते. ते खरंच आहे, पण तेवढंच नाही. 1974 साली अमेरिकेत इंगहॅम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, दोरावर सगळ्यात पुढे उभं केलं, आणि मागच्यांना सांगून ठेवलं की नुसतं ओढल्यासारखं करा. प्रत्यक्षात पट्टीवाला एकटाच ओढत होता, पण मागे माणसं आहेत एवढ्या समजुतीनेच त्याचा जोर कमी झाला.

आपल्याकडे चवथीची आरती आठवा. घरात तीस माणसं, सगळे टाळ्या वाजवतायत, पण खरी जोरात कितीजण वाजवतात? लाटाने, विल्यम्स आणि हार्किन्स या तिघांनी 1979 साली टाळ्या आणि ओरडण्यावरच प्रयोग केला, तर सहा जणांच्या गटाचा आवाज त्यांच्या एकेकट्याच्या आवाजांच्या बेरजेच्या 40 टक्केच भरला. पण दोन वर्षांनी त्यांनीच दाखवलं की प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय हे माणसांना माहीत असलं तर ही ढिलाई जाते. मला लगेच आरतीत घुमट, म्हणजे मातीचं चामड्याने मढवलेलं वाद्य, वाजवणारा आठवला. त्याची एक थाप चुकली तरी अख्ख्या घराला कळतं, तो कधी ढिला पडताना मी बघितला नाही.

म्हणून मला ‘आमचे लोक आळशी’ हे वाक्य अजिबात पटत नाही. मी गोव्यातच वेर्ण्याला एका औषधांच्या कारखान्यात होतो, तिथे मीटिंगमध्ये ‘सगळ्यांनी मिळून बघा’ म्हटलं की ते काम आठवडाभर तसंच पडून राहायचं. मग आमच्या लाइनच्या सुपरवायझरने बोर्डावर कामासमोर नाव लिहायला सुरुवात केली, कुठलं मशीन कोण बघतो, हँडओव्हर कुणाचा, आणि महिन्याभरात खरंच फरक पडला. पण वरून कुणालातरी वाटलं की आता चुकापण नावासकट लावूया, लाल पेनने, आणि तिथे सगळं बिघडलं. डेव्हिएशन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीत काही चुकलं की करायची नोंद, टाकायला कुणी पुढे येईना, लॉगबुक एकदम स्वच्छ दिसायला लागलं आणि रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, मात्र वाढलं.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना उलटंच दिसलेलं, चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त. त्या टीम जास्त चुकत नव्हत्या, तिथे चूक बोलून दाखवायला भीती नव्हती, हे नंतर कळलं. कागदावर एकही चूक नाही हे बघून खूश होणाऱ्या मॅनेजरांनी ही गोष्ट मनापासून समजून घ्यायला हवी असं मला फार वाटतं.

नवीन कल्पनांचंही तेच. सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवून ‘सुचेल ते बोला’ म्हणतात ना, त्यावर 1958 सालीच येल विद्यापीठात प्रयोग झालेला, चौघं एकत्र बसून जेवढ्या कल्पना काढतात त्याच्या जवळपास दुप्पट चौघं वेगवेगळे बसून काढतात. एक बोलत असतो तेवढ्यात दुसऱ्याला सुचलेलं विसरतं, तिसरा लाजतो. आधी पाच मिनिटं गप्प बसून प्रत्येकाने कागदावर लिहायचं आणि मगच बोलायचं, एवढं केलं तरी पुष्कळ.

तर रापणीवर एक दिवस मामाने मला रांगेच्या मधून काढलं आणि मागे नेऊन बसवलं, ओढून आलेल्या दोराची वेटोळी करायला. दोर गुंतला तर ओढणाऱ्यांच्या पायात येणार आणि सगळ्यांना थांबावं लागणार, आणि तो गुंता माझाच हेही सगळ्यांना दिसणार. पण मामाने आधीच सांगून ठेवलं, ‘गुंतला तर लगेच ओरड, कोणी काही बोलणार नाही.’ दोनदा गुंतला, दोनदा ओरडलो, दोन माणसं येऊन सोडवून गेली. मग मासळी वाळूवर ओतली, सगळ्यांसमोर वाटे घातले, माझ्या वाट्याला आठ बांगडे आले. तळहात सोलून निघालेले तरी घरापर्यंत ती पिशवी मी कुणाला धरायला दिली नाही.