शेवळं, काकडं आणि न दिसणाऱ्या सुया

वळवाच्या एकदोन सरी झाल्या की ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. मिटलेल्या छत्रीसारखे जांभळट-तपकिरी कोंब, आणि शेजारी हिरव्या काकडांचा, म्हणजे आंबट रानफळांचा, छोटा ढीग. नुसतीच शेवळं उचलली तर विकणारीच टोकते, "काकडं पण न्या, नायतर खाजंल."

शेवळं म्हणजे सुरणाचं रानातलं भावंड. दोघांचाही वंश अमॉर्फोफॅलस. या वनस्पती आपल्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया जुड्या बांधून ठेवतात. चावल्यावर त्या सुटतात नि जिभेत, घशात रुततात. जनावरांनी तोंड लावू नये म्हणून केलेली ही सोय.

आंबटाने सुया विरघळतात, असं घरोघरी सांगतात. मला मात्र हे अर्धंच पटतं, कारण कॅल्शियम ऑक्झलेट सौम्य आम्लात फारसं विरघळत नाही. अळूवर झालेल्या अभ्यासांत वेगळीच गोष्ट दिसते. नीट शिजवल्यावर सुया बऱ्याचशा तशाच राहतात, पण खाज जाते. सुयांना चिकटलेली प्रथिनं उष्णतेने निकामी होत असावीत, असा त्यावरून तर्क आहे. म्हणजे काकडांइतकंच श्रेय मंद आचेवर शिजवत ठेवणाऱ्या बाईलाही द्यायला हवं. हाताला तेल लावून चिरायचं, खालचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, हे तिला कुणी प्रयोगशाळेत शिकवलेलं नाही. सीकेपी घरांत ही शेवळं कोलंबीत किंवा खिम्यात पडतात, आणि तिथे तर या पथ्यांत काडीचीही सूट नसते!

ऑक्झलेटचा काही भाग पाण्यात विरघळणारा असतो. तो रक्तात जाऊन मूत्रपिंडातून बाहेर पडतो, आणि बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. ज्यांना खड्याचा त्रास आहे त्यांनी अळू, सुरण, शेवळं बेतानेच खावीत. अशी भाजी उकळून पाणी टाकलं की यातलं बरंच निघून जातं. जेवणात दही-ताक असेल तर त्यातलं कॅल्शियम उरलेल्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं.

आता तो टाकून दिलेला पिवळा भाग. खरी फुलं तिथेच असतात, दाटीवाटीने बसलेली. आपण जे खातो ते वरचं टोक आणि कोवळं वेष्टन, म्हणजे कीटकांना बोलावण्याचा सगळा सरंजाम. रानात फुलोरा उमलला की कुजका वास सुटतो, त्याला भुलून कीटक येतात आणि परागीभवन होतं. बाजारातली शेवळं उमलायच्या आधीच खुडलेली, म्हणून वास नाही. अर्थात त्यांचं बीही नाही. कंद जमिनीत शाबूत राहतो, पण एखाद्या उतारावरचे सगळेच फुलोरे दरवर्षी खुडले तर नवी रोपं यायची कुठून? शेवळं सह्याद्रीच्या परिसरातलीच, जगात इतरत्र सापडत नाहीत.

फुलोरा संपल्यावर त्याच जागी एकच पान वर येतं, छत्रीसारखं पसरलेलं. आपण शेवळांची चव विसरून गेलेलो असतो तेव्हा ते पान ऐन पावसात उभं राहून पुढच्या वळवासाठी कंद भरत असतं.