आमच्याकडे थाई जेवायला येण्याआधी

पहिल्यांदा येणाऱ्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "नक्की शाकाहारी आहे ना?" निःसंकोच विचारा. हे पत्रक आम्ही मुख्यतः त्या प्रश्नासाठीच छापलं आहे.

थायलंडमध्ये जेवणाला खारटपणा येतो तो बहुतेक वेळा 'नाम प्ला'तून. छोटे मासे मिठात कित्येक महिने मुरवले की जो रस सुटतो, तो नाम प्ला. करीच्या वाटणात 'कापी' असते. ती आंबवलेल्या बारीक कोलंबीची. दोन्ही ताटात दिसत नाहीत आणि नारळाच्या दुधात त्यांचा वासही दबून जातो. त्यामुळे 'भाज्यांची करी' म्हणजे 'शाकाहारी करी' असं थाई जेवणात धरून चालता येत नाही.

हे आम्हाला घरातच शिकायला मिळालं. हॉटेल सुरू करण्याआधी आईला घेऊन दुसऱ्या शहरात एके ठिकाणी थाई जेवायला गेलो होतो. फक्त भाज्या घातलेली करी मागवली, तिने आवडीने खाल्ली. बिल देताना सहज विचारलं, तेव्हा कळलं की वाटण कापीचंच होतं. आई माळकरी. ती कुणाला एक शब्द बोलली नाही, पण परतीच्या वाटेवर गळ्यातल्या माळेवरचा तिचा हात सुटला नाही.

म्हणून आमच्याकडे दगडी खल दोन आहेत. हिरव्या खुणेच्या पदार्थांचं वाटण एकात, बाकीचं दुसऱ्यात. कढया, झारे आणि तळणीचं तेलही वेगळं. शाकाहारी पदार्थांत नाम प्लाऐवजी सोया सॉस आणि मीठ घालतो. स्वयंपाकघराची खोली मात्र एकच आहे. ज्यांना तेही चालत नाही, त्यांना आम्ही आग्रह करत नाही.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांची थायलंडमध्येही सोय असते. तिथे अशा जेवणाला 'जे' म्हणतात. दरवर्षी नऊ दिवस, बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राच्याच सुमारास, हे व्रत पाळलं जातं आणि ठिकठिकाणी पिवळी निशाणं लागतात. जैन मंडळींसाठी आम्ही याच्याही पुढे जातो : कोथिंबिरीची मुळं आणि आल्याच्या कुळातलं गलंगल, म्हणजे आपलं कुलिंजन, तेही वगळतो. उरतात मिरची, कोथिंबिरीची पानं, गवती चहा आणि मकरूत लिंबाची पानं. चव थोडी हलकी होते, पण वास तोच. मात्र हे वाटण ताजं कुटावं लागतं, म्हणून जैन जेवण दोन तास आधी फोन करून सांगा.

गवती चहा तर तुमच्या कुंडीतलाच. आपण चहात पात टाकतो. थाई स्वयंपाकात बुंध्याकडचा पांढरट, जाड भाग लागतो. तो आधी आडवा बारीक चिरावा लागतो, नाहीतर कितीही कुटलं तरी दोरे राहतात. खलात पहिला दणका बसला की वास थेट बाहेरच्या टेबलापर्यंत येतो. आमच्याकडे वाटण मिक्सरवर करत नाहीत, त्यामुळे गर्दीच्या वेळी करीला वीसेक मिनिटं लागतात.

आता तिखटाचं. "आम्ही नाशिकचे, मिसळीवर तर्री मागून घेतो" असं म्हणून पुष्कळ जण 'थाई तिखट' सांगतात. तर्रीतली मिरची तेलात परतलेली असते, तिचं तिखट हळूहळू चढतं. थाई बारकी मिरची सॅलडमध्ये कच्चीच कुटतात, तिचा झटका लगेच बसतो. पहिल्या खेपेला मध्यम घ्या. फारच झोंबलं तर पाण्याचा उपयोग होत नाही, भाताचा घास घ्या. लहान मुलांसाठी मसामान करी उत्तम. त्यात दालचिनी, वेलदोडा, लवंग, बटाटा आणि शेंगदाणे असतात. आपल्या जिभेला ती सर्वांत लवकर ओळखीची वाटते.

शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर मात्र बसल्या बसल्याच सांगा. मसामान, पाद थाई नूडल्स आणि कच्च्या पपईचं सॅलड 'सोम तम', तिन्हींत शेंगदाणे असतात. सोया सॉसमध्ये गहू असतो, हेही लक्षात असू द्या.

प्रत्येकाने आपापली डिश मागवण्यापेक्षा चौघांत दोन करी, एक परतलेली भाजी, एक सोम तम आणि भात एवढं मध्ये ठेवून घ्या. आंबट, गोड, खारट, तिखट हे सगळं एकाच पदार्थात शोधायचं नसतं, ते असं मिळून जमतं. भात इंद्रायणीसारखा किंचित चिकट असतो, शिजवताना चूक झालेली नसते. थाई लोक भात चमच्याने खातात, काट्याने नुसता चमच्यावर ढकलतात. चॉपस्टिक्स तिथेही मुख्यतः नूडल्ससाठीच असतात. हाताने जेवायचं असेल तर खुशाल जेवा.

आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात फक्त एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत मिळेल. डब्यातल्या आंब्याचा आम्ही करत नाही. हापूस संपला की केशर वापरतो.

बिलात ५ टक्के जीएसटी लागतो. सेवाशुल्क आम्ही लावत नाही. ते आपोआप बिलात घालू नये, असे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे जुलै २०२२ पासूनचे निर्देशच आहेत.

शनिवार-रविवारी संध्याकाळी महात्मा गांधी रोडच्या आसपास चारचाकी लावायला जागा मिळणं फार कठीण. रिक्षाने या, किंवा गाडी लांब लावून चालत या. सातच्या आत आलात तर टेबल बहुधा लगेच मिळतं, आणि वाटण कुटताना बघायचं असेल तर तीच वेळ बरी.