लाभांश वेगळा, वापरावरचा परतावा वेगळा

वाडीतल्या घरांनी मिळून सौर प्रकल्प उभारायचं ठरलं की ‘फायदा सगळ्यांत वाटू’ यावर चटकन एकमत होतं. पण त्या वाक्यात दोन निरनिराळ्या वाटण्या दडलेल्या असतात. लाभांश मिळतो घातलेल्या भांडवलावर, परतावा मिळतो वापरलेल्या विजेवर. १८४४ साली इंग्लंडातल्या रॉचडेलमध्ये सहकारी दुकान निघालं, तेव्हाच हे दोन हिशेब वेगळे केले होते: भांडवलाला ठरावीक व्याज, आणि उरलेला नफा ज्याच्या-त्याच्या खरेदीच्या प्रमाणात.

कोकणात हा फरक अधिक बोचतो, कारण पैसा घालणारा आणि वीज वापरणारा बरेचदा एक नसतो. चाकरमान्यांची घरं गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर बंद. वर्गणी मात्र त्यांचीच मोठी. गावात बारमाही राहणाऱ्यांचे शेअर थोडे, पण पंप आणि फ्रिज रोज चालू.

समजा, भांडवल ३ लाख, त्यातलं ६० टक्के चाकरमान्यांचं. विजेचा वापर मात्र त्यांचा २० टक्केच. राखीव निधी आणि दुरुस्तीचे पैसे बाजूला काढून वाटायला १ लाख उरले. नुसता लाभांश धरला तर मुंबईकडे ६०,००० जातात, नुसता वापर धरला तर २०,०००. आता भांडवलावर आधी ८ टक्के द्या, म्हणजे २४,०००, आणि उरलेले ७६,००० वापराप्रमाणे वाटा. चाकरमान्यांना २९,६०० मिळतात, गावाला ७०,४००. मला हीच वाटणी न्यायाची वाटते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हाही निबंधकांच्या परवानगीशिवाय १५ टक्क्यांहून जास्त लाभांश देऊ देत नाही. भांडवलाच्या हक्काला मर्यादा आहे, हे तिथेही मान्य आहे.

आणखी एक गोष्ट. व्हर्च्युअल नेट मीटरिंगमध्ये प्रकल्पाची युनिटं ठरलेल्या टक्क्यांनी सभासदांच्या बिलांत वळती होतात. हे टक्के शेअरवरून ठरवले तर बंद घराच्या खात्यात युनिटं साचतात, आणि वर्षअखेरीला उरलेल्या युनिटांना बिलातल्या दरापेक्षा बराच कमी भाव मिळतो. म्हणजे सगळ्या वाडीचंच नुकसान. म्हणून युनिटं वापराकडे बघून वळवावीत आणि भांडवलाचा मोबदला रोखीने द्यावा.

परताव्यातही एक खोच आहे. दोन एसी लावणारं होमस्टे सर्वांत जास्त वीज ओढतं, तेव्हा सर्वांत मोठा परतावाही त्यालाच जातो, आणि दोन दिवे-पंखा एवढ्यावर भागवणाऱ्या घराच्या हाती चिल्लर पडते. यासाठी दर घरामागे महिन्याच्या ठरावीक युनिटांपर्यंतच परतावा धरावा आणि ती मर्यादा पहिल्याच सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावी.