जहाजांची रांग समुद्रात, अडकण जमिनीवर

बेळगावला समुद्र नाही. तरीही बंदराबाहेर जहाजं खोळंबली की त्याची झळ उद्यमबाग, मच्छे, काकती, होनगा इथल्या कारखान्यांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. कास्टिंग म्हणजे ओतीव भाग तयार असतात, पॅकिंग झालेलं असतं, कस्टमला द्यायचं शिपिंग बिलही भरलेलं असतं; पण ज्या जहाजावर जागा धरली ते मागच्याच कुठल्या तरी बंदरात अडकून पडलेलं असतं. मालाची रवानगी पाहणाऱ्या फॉरवर्डरचा फोन येतो, 'रोलओव्हर झालाय, पुढचं व्हेसल बघावं लागेल.' तोवर यार्डातल्या कंटेनरचं भाडं चढत राहतं आणि निर्यातीसाठी बँकेकडून घेतलेल्या कर्जावर (पॅकिंग क्रेडिट) व्याज.

रांग का लागली याचं कारण दर वेळी वेगळं सांगितलं जातं. कधी साथ, कधी संप, कधी युद्ध, तर कधी वादळ. ही कारणं खोटी नसतात, पण अपुरी असतात. मागचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: उतरलेला माल बंदरातून पुढे सरकत नाही, म्हणून मागची जहाजं नांगर टाकून बसतात. उसाच्या हंगामात कारखान्याच्या दारात ट्रॅक्टरची रांग लागते, तेव्हा दोष ट्रॅक्टरचा नसतो. आत काटा, गव्हाण किंवा मिल अडलेली असते. बंदराचंही तेच आहे.

आपल्या सीमाभागाने हे फार पूर्वी पाहिलं आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्यांची नजर धारवाडच्या कापसाकडे वळली. तो कारवारहून थेट विलायतेला न्यावा अशी त्यांची खटपट होती. उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला गेला, त्यामागे हा दबाव मोठा होता. मँचेस्टरच्या कंपनीने कारवारजवळच्या सदाशिवगडला यंत्रसामग्री पाठवली. ती पोचली तेव्हा माल उतरवायला धड धक्का नव्हता आणि वर धारवाडकडे चढणारा घाटरस्ता पुरा झालेला नव्हता. समुद्र मोकळा होता, जहाज वेळेवर आलं होतं, आणि तरीही माल अडकला.

बेळगावचं स्वतःचं बंदर त्या काळी वेंगुर्ला. आधी रामघाटाने बैलांचे तांडे, नंतर आंबोलीच्या घाटाने गाड्या खाली उतरत. पावसाळ्यात वेंगुर्ल्याची वाहतूक थांबे, ती नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू होई. म्हणजे वर्षातले काही महिने माल घाटमाथ्यावर पडून राहणं हा व्यापाराचा नेहमीचाच भाग होता. भांडवल अडकणं, साठवणीची जागा न मिळणं, मोसम उघडल्यावर सगळ्यांनी एकदम धाव घेणं ही आजची दुखणी तेव्हाही होतीच.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने या अडकणीचं सर्वांत भीषण रूप दाखवलं. बेळगाव, धारवाड, कलादगी हे जिल्हे होरपळत होते. मद्रासच्या किनाऱ्यावर समुद्रमार्गे आलेल्या धान्याच्या राशी पहाऱ्यात पडून होत्या, कारण ते आत वाहून नेण्याची ताकद रेल्वेत नव्हती. माणसं उपाशी मरत असताना धान्य बंदरात पडलेलं होतं, याइतकं कठोर उदाहरण दुसरं सापडणार नाही. पुढे दुष्काळ आयोगाने अशा भागांत रेल्वे नेण्यावर भर दिला, १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात बेळगावला गाडी आली. लोंढा, कॅसल रॉक, दूधसागर करत रुळ मुरगावला पोचले. मुरगाव बारमाही बंदर असल्यामुळे वेंगुर्ल्याचं महत्त्व पाहता पाहता ओसरलं.

पण मुरगाव पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं. १९५५ च्या गोवा मुक्ती सत्याग्रहानंतर भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि कॅसल रॉकवरून होणारी रेल्वे वाहतूक थांबली. सत्याग्रहींच्या तुकड्यांना ज्या बेळगावने आसरा दिला, त्याच बेळगावचं सर्वांत जवळचं बंदर १९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीपर्यंत बंद राहिलं. त्यानंतर ते उघडलं, पण मुख्यतः लोहखनिज आणि कोळशासाठी. मोठ्या कंटेनर जहाजांच्या फेऱ्या तिथे रुजल्याच नाहीत. म्हणून आज गोवा दीडशे किलोमीटरच्या आसपास असूनही आपला बहुतेक कंटेनर माल पाचशेच्या आसपास किलोमीटर तोडून मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदराला जातो.

न्हावा-शेवाचा जन्मही रांगेतूनच झाला. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत आयात धान्य आणि यंत्रसामग्री यांनी मुंबई बंदर भरून जाई. गोद्या जुन्या, भोवती दाट शहर, ट्रकला वळायला जागा नाही. त्यावरचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवं बंदर योजलं गेलं आणि ते २६ मे १९८९ ला सुरू झालं. त्याआधी, जानेवारी १९८४ मध्ये, उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली भूसंपादनाविरुद्ध लढा दिला आणि पोलिस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. सीमालढ्यात गोळीबार पाहिलेल्या आपल्या भागाने हे विसरू नये.

दरम्यान जगभर माल हाताळण्याची रीतच बदलली होती. २६ एप्रिल १९५६ ला न्यूअर्कहून निघालेल्या 'आयडियल एक्स' जहाजावर ५८ पेट्या होत्या. आज २० फुटी मापाचे २४,००० कंटेनर मावतील एवढी जहाजं चालतात. दर पेटीमागे खर्च कमी व्हावा म्हणून कंपन्यांनी जहाजं मोठी केली. त्यामुळे समुद्रावरचा खर्च कमी झाला, पण बंदरावरचा ताण वाढला. एवढं जहाज धक्क्याला लागलं की हजारो पेट्या एकदम खाली येतात. क्रेन, यार्ड, ट्रेलर, रेल्वेचे रेक, कस्टमची तपासणी, गोदामं यांपैकी एक दुवा जरी मंद असला तरी यार्ड भरतं. भरलेल्या यार्डात खालची पेटी काढायला वरच्या तीन हलवाव्या लागतात, म्हणजे काम आणखी मंदावतं. धक्का रिकामा होत नाही आणि पुढचं जहाज बाहेर थांबतं. ते उशिरा सुटलं की पुढच्या बंदरात दोन-तीन जहाजं एकदम पोचतात. एका बंदराचा तुंबा असा दुसऱ्या बंदरात जातो.

कंटेनर नसतानाही हे घडलंच होतं. १९७५ मध्ये तेलाच्या पैशावर नायजेरियाने सुमारे दोन कोटी टन सिमेंटच्या ऑर्डरी दिल्या. लागोसच्या बंदराची ताकद त्याच्या छोट्या अंशाइतकीच होती. शेकडो जहाजं बाहेर तिष्ठत राहिली, आणि थांबून राहण्याची भरपाई (डेमरेज) मिळते म्हणून काही मालकांनी जुनाट जहाजंही मुद्दाम रांगेत आणून उभी केली.

न्हावा-शेवाने वेगळी कारणं पाहिली. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली, कंटेनर जलमार्गात पडले आणि मुंबई व न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद पडली. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' या संगणक हल्ल्याने मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाची यंत्रणा कोलमडली आणि न्हावा-शेवातल्या त्यांच्या टर्मिनलचं कामही थांबलं. क्रेन धडधाकट होत्या, पण कुठली पेटी कुणाची हे सांगणारा संगणक बंद होता.

मग २०२०. ही घटना नीट समजून घ्यायला हवी, कारण 'कोविडमुळे' एवढं म्हणून तिचं कोडं सुटत नाही. घरी अडकलेल्या अमेरिकन ग्राहकाने सहली आणि हॉटेलांवरचा खर्च वस्तूंकडे वळवला. आशियातून माल लोटला. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जोडबंदरांत अमेरिकेची सुमारे ४० टक्के कंटेनर आयात उतरत असे. तिथली गोदामं भरली, पेट्या उतरवायला जागा नाही, पेटी अडकली की तिच्याखालची ट्रेलरची चेसिसही अडकली. साथीपूर्वी तिथे कंटेनर जहाजाला क्वचितच थांबावं लागे. ९ जानेवारी २०२२ ला १०९ जहाजं रांगेत होती. त्याआधी मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' या जहाजाने सुएझ कालवा सहा दिवस अडवला होता आणि पुढच्या काही महिन्यांत चीनमधल्या यांतियान व निंगबो बंदरांत संसर्ग आढळल्याने तिथलं काही काम थांबलं होतं.

भारताची अडचण उलटी होती. आपल्याकडे रिकामे कंटेनरच मिळत नव्हते. चीन-अमेरिका मार्गावर भाडं एवढं चढलं की कंपन्या रिकाम्या पेट्या लगबगीने चीनकडे परत नेऊ लागल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये ४० फुटी पेटीचा सरासरी जागतिक दर १०,००० डॉलरच्या वर गेला. साथीपूर्वी तो दीड हजाराच्या आसपास होता. मोठ्या कंपन्यांनी करार करून जागा राखली. छोट्या फाउंड्रीने काय करायचं? कास्टिंग जड आणि त्या मानाने स्वस्त. भाडं मालाच्या किमतीला खाऊन टाकतं. विमानाने पाठवायची सोय हट्टरगीत बनणाऱ्या विमान-भागांना परवडते, बिडाच्या कास्टिंगला नाही.

सरकारी आदेशानेही रांग लागते. १३ मे २०२२ ला गहू निर्यातीवर एकाएकी बंदी आली आणि कांडल्याला गव्हाचे हजारो ट्रक उभे राहिले. त्याच वर्षी १ जूनपासून साखर निर्यातीवर १०० लाख टनांची मर्यादा आली. बेळगाव हा कर्नाटकातल्या आघाडीच्या साखर जिल्ह्यांपैकी एक असल्याने तिचा अर्थ इथे कुणाला समजावून सांगावा लागला नाही. मर्यादा ठरली की प्रत्येकाला आपला माल आधी बंदरात हवा असतो.

आणि रस्ता. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ शिरोलीला आणि निपाणीजवळ यमगर्णीला पाण्याखाली गेला. बंदर चालू होतं, जहाज हजर होतं, पण कंटेनर वेदगंगेच्या अलीकडे उभा होता. जहाजाची कटऑफ म्हणजे माल स्वीकारण्याची शेवटची वेळ नदीचं पाणी उतरेपर्यंत थांबत नाही.

१९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनच्या हूथी बंडखोरांनी 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज ताब्यात घेतलं आणि पुढच्या काही आठवड्यांत बहुतेक मोठ्या कंपन्यांनी तांबडा समुद्र सोडून आफ्रिकेला वळसा घातला. युरोपची फेरी दहा ते चौदा दिवसांनी लांबली, तीच जहाजं कमी फेऱ्या करू लागली, वेळापत्रकं विस्कटली आणि २०२४ च्या मे-जूनमध्ये सिंगापूरसारख्या कार्यक्षम बंदरातही रांगा लागल्या. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी झाली. स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध आहे, आणि उरणचा इतिहास पाहता त्यांचं म्हणणं आधी ऐकलं जायला हवं. बेळगावच्या दृष्टीने पाहिलं तर ते न्हावा-शेवापेक्षाही उत्तरेला, आणखी दूर आहे. लोंढ्याहून मुरगावला जाणारा लोहमार्ग १९९०च्या दशकात ब्रॉडगेज झाला. त्यावरून बेळगावच्या कंटेनरची नियमित वाहतूक व्हावी आणि मुरगावला फीडर म्हणजे मोठ्या बंदरापर्यंत माल पोचवणाऱ्या छोट्या जहाजांच्या ठरलेल्या फेऱ्या असाव्यात, ही मागणी इथल्या उद्योजकांनी कर्नाटक आणि गोवा या दोन्ही राज्यांकडे आणि केंद्राकडे लावून धरली पाहिजे.