पडलेला माड दिसतो, उभ्या माडाचं काय?

'निसर्ग' चक्रीवादळाने झोडपलेल्या कोकणातल्या नारळाच्या वाड्या पुन्हा डौलात उभ्या, अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते. सोबत फोटो असतो: निळं आभाळ आणि शेंडे हलवणारे उंच माड. फोटो खोटा नसतो, पण त्यातला प्रत्येक माड वादळाच्या आधीचा असतो. नवा लावलेला बाणवली, म्हणजे उंच जातीचा, माड पहिली पाच-सहा वर्षं जमिनीबाहेर धड खोडसुद्धा दाखवत नाही. म्हणजे फोटोत दिसतं ते वादळातून उरलेलं. भरून काय आलं, ते त्यात दिसत नाही.

3 जून 2020 च्या दुपारी हे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग, खाली मंडणगड आणि दापोली, या पट्ट्यातल्या नारळ-पोफळीच्या (पोफळ म्हणजे सुपारीचं झाड) वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. आमची दापोली तालुक्यातली अठरा गुंठ्यांची वाडीही त्यातच आली. आम्ही टाळेबंदीत पुण्याला अडकलेलो, त्यामुळे वाडीत खरं काम सुरू झालं ते 2021 च्या शिमग्याला. काका म्हणाले, "पडले त्यांचा पंचनामा झाला. उभे आहेत ते वाचले." तेव्हा मीही मान डोलावली होती. उभा माड वाचलेला असतोच असं नाही, हे मला नंतर कळलं, आणि त्याचं कारण माडाच्या घडणीत आहे.

आंब्याच्या किंवा फणसाच्या सालीखाली पेशींचा एक पातळ थर असतो. पुस्तकात त्याला एधा म्हणतात. हा थर वर्षानुवर्षं नवं लाकूड घालत राहतो, म्हणून खोड जाड होतं, जखमेच्या कडा हळूहळू मिटतात. फांदी मोडली तर खाली निजलेला एखादा डोळा जागा होऊन धुमारा फुटतो. माडाला एधाच नाही. सुरुवातीची वर्षं तो जमिनीलगत आपला बुंधा रुंद करतो आणि मग जवळपास त्याच जाडीने वर चढतो. पाडेल्याने, म्हणजे नारळ काढणाऱ्याने, चढायला पाडलेल्या खाचा पन्नास वर्षांनीही उघड्याच असतात. आमच्या एका माडावर आजोबांच्या काळातल्या खाचा अजून तशाच आहेत. एखादं वर्ष फार हलाखीचं गेलं तर तेवढ्या उंचीवर खोड बारीक राहतं, आणि ती बारीक कंबर नंतर कधी भरत नाही.

शिवाय सगळं झाड एका कोंबावर जगतं. शेंड्याच्या पोटात बसलेला तो कोंब साधारण महिन्याला एक झावळ बाहेर काढतो. चांगल्या माडावर तीसेक उघड्या झावळ्या असतात आणि जवळजवळ तितक्याच, वेगवेगळ्या वयाच्या, आत मिटलेल्या. आता मुख्य गोष्ट. प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, ठरलेली असते. ती उमलायच्या सुमारे 32 महिने आधी तिचा अंकुर आत धरलेला असतो, मोहरीएवढाही नाही. पोय उमलल्यावर नारळ पिकायला आणखी 12 महिने. एकूण 44.

याचा अर्थ नीट लावून पाहा. वादळाने अर्ध्या झावळ्या ओरबाडल्या की साखर तयार करणारा कारखानाच अर्धा झाला. उरलेली साखर आधी जगण्यासाठी लागते, फळाचा नंबर नंतर. त्या दिवशी बाहेर असलेली बोंडं, म्हणजे कोवळे नारळ, गळणार, हे कुणालाही दिसतं. पण आतल्या पोयींपैकी काही वाळून जातात, काहींत मादी फुलं कमी धरतात, आणि हे तेव्हा कुणाला दिसत नाही. जून 2020 ला ज्या पोयीचा अंकुर नुकता धरत होता तिचा नारळ पिकायचा होता फेब्रुवारी 2024 मध्ये. पाऊस, पाणी, खत सगळं यथास्थित असूनही 2022 साली घड हलका का, याचं उत्तर दोन वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी होतं.

सरकारी मदतीला हे गणित पकडणं अवघडच. फळबागांना हेक्टरी 50 हजार रुपये जाहीर झाले. आमच्या अठरा गुंठ्यांचे त्या दराने नऊ हजार होतात. कोकणात एका गुंठ्यात माड, त्याखाली पोफळी, तिच्यावर मिरीचा वेल आणि कडेला जायफळ अशी माणसं कोंबावीत तशी झाडं असतात. हेक्टराचं माप इथे कुचकामी, अशी ओरड झाली आणि पुढे झाडामागे मदत ठरली, नारळाला 250 रुपये आणि पोफळीला 50. हे बरंच बरं. तरी मोजलं गेलं ते पडलेलं झाड. उभ्या झाडाच्या बगलेत काय वाळलं, ते पंचनाम्याला आलेल्या तलाठ्याने कुठून पाहावं?

पडलेल्यांतही फरक असतो. शेंडा तुटलेला माड संपला, कारण दुसरा कोंब नाही. पण मुळासकट कललेला, शेंडा शाबूत असलेला तरुण माड पुष्कळदा उचलता येतो. त्याला सोटमूळ नसतं. बोटाएवढ्या जाडीची काही हजार मुळं बुंध्यातून निघतात, आणि तुटलेल्यांच्या जागी बुंधा नवी मुळं काढू शकतो. म्हणूनच रोप मीटरभर खोल खड्ड्यात लावून तो हळूहळू भरत न्यायचा. बुंधा जेवढा मातीत, तेवढी पकड जास्त. मध्यंतरी एका वास्तुतज्ज्ञाचा व्हिडिओ घरोघरी फिरत होता. ईशान्येला माड लावला की तो पडतोच, म्हणे. आमच्याकडे आठही दिशांचे पडले. उथळ लावलेले जास्त पडले.

पोफळीचं दुखणं वेगळं. ती सावलीत वाढलेली. वरचा माड गेला की दुपारनंतरचं तिरपं ऊन थेट तिच्या हिरव्या खोडावर बसतं, साल भाजते, तडकते, आणि एक-दोन वर्षांनी झाड तिथेच मोडतं. वादळात न पडलेली पोफळ अशी उन्हाने पडते. त्यामुळे त्या शिमग्याला आमचं पहिलं काम होतं पश्चिमेकडच्या खोडांना झावळ्या गुंडाळण्याचं. दुसरं, केळी लावण्याचं. केळ वर्षात सावली देते आणि तिच्या आडोशाला पोफळीचं रोप तग धरतं. मग झाडांभोवती आळी करणं, त्यांत पातेरा (पालापाचोळा) घालणं, शिंपणं, हे दरवर्षीचंच.

पण सगळ्यांत महत्त्वाचं काम एकट्याच्या वाडीत होणारं नव्हतं. कुजणारी माडाची खोडं म्हणजे गेंड्या भुंग्याचं बाळंतघर. मादी तिथे अंडी घालते, अळ्या तो भुसा खाऊन अंगठ्याएवढ्या होतात, आणि बाहेर पडलेला भुंगा जवळच्या उभ्या माडाचा मिटलेला कोंब पोखरतो. ती झावळ उघडते तेव्हा पाती कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसतात. त्याने पाडलेल्या भोकातून मागाहून सोंड्या भुंगा शिरला की माडाचं काही खरं नाही. म्हणजे वादळात मेलेला माड आवरला नाही तर वर्षाने वाचलेल्याचा जीव घेतो. आणि भुंग्याला गडगा, म्हणजे दोन वाड्यांमधला दगडी बांध, कळत नाही. आमच्या शेजारची वाडी मुंबईकरांची, दार कायम बंद. तिथली चौदा खोडं पावसात भिजून मऊ पडत होती.

फोनवरून परवानगी घेतली. आळीतल्या प्रत्येक घरचा एक माणूस, दोन यांत्रिक करवती, रविवारची सकाळ. चांगली खोडं छपराच्या रिपांना (पट्ट्यांना) आणि गोठ्याच्या खांबांना गेली, कुजकी फोडून वाळवून बंबात. फोडताना एकेका ओंडक्यातून वीस-पंचवीस पांढऱ्या, वळलेल्या अळ्या पडत होत्या. काकूने कोंबड्या आधीच सोडून ठेवल्या होत्या. दुपारपर्यंत त्यांना चालवेना.